माफी आरोपीला मिळते, नोंदीला नाही

२० जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प पुन्हा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्याच दिवशी त्यांनी ६ जानेवारी २०२१ च्या कॅपिटॉल हल्ल्यातील सुमारे दीड हजार जणांना माफी देऊन टाकली. त्यावर चळवळीतले काही साथी म्हणतात, "संसदेने चौकशी केली, जाडजूड अहवाल काढला, शेवटी काय झाले? कागद कागदच राहिला!" हा निराशेचा सूर आम्हाला मान्य नाही.

तो कागद कसा जन्मला ते आधी पाहा. निवडणूक हरलेल्या नेत्याचे समर्थक, निकालावर शिक्कामोर्तब होत असतानाच, संसद भवनात घुसले. स्वतंत्र चौकशी आयोगाचा प्रस्ताव सिनेटमध्ये रिपब्लिकनांनी अडवला. तेव्हा प्रतिनिधिगृहाने स्वतःची नऊ सदस्यांची समिती नेमली. अध्यक्ष होते मिसिसिपीचे कृष्णवर्णीय खासदार बेनी थॉम्पसन. हजारावर साक्षीदार तपासले गेले, सुनावण्या दूरचित्रवाणीवरून साऱ्या देशाने पाहिल्या आणि डिसेंबर २०२२ मध्ये आठशेहून अधिक पानांचा अहवाल आला. ट्रम्प यांच्याविरुद्धच्या कितीतरी महत्त्वाच्या साक्षी त्यांच्याच पक्षाच्या आणि कार्यालयाच्या माणसांनी दिल्या.

त्याच नोंदीत जॉर्जियातील रुबी फ्रीमन आणि शे मॉस या कृष्णवर्णीय मायलेकी आहेत. मतमोजणीचे साधे काम करणाऱ्या या बायकांवर घोटाळ्याचा खोटा आळ घेतला गेला, धमक्यांमुळे आईला घर सोडावे लागले. सत्ताधीशाने त्यांना बदनाम केले, संसदेच्या दप्तराने त्यांचा शब्द जपला.

समितीला शिक्षा देण्याचा अधिकार नव्हता. ती फक्त खटल्याची शिफारस करू शकत होती आणि ती तिने केली. माफीने शिक्षा पुसली जाते. साक्ष पुसली जात नाही.

इतिहासही हेच सांगतो. यादवी युद्धानंतर कू क्लक्स क्लॅनने दक्षिणेत कृष्णवर्णीय मतदारांवर आणि नव्या राज्य सरकारांवर दहशत बसवली. अमेरिकी काँग्रेसच्या संयुक्त समितीने त्याची चौकशी करून १८७२ मध्ये १३ खंड छापले. गुलामीतून सुटलेल्या माणसांच्या जबान्या त्यात आहेत. पुढे गोऱ्या इतिहासकारांनी उलटाच इतिहास रचला. त्यात आघाडीवर होते कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक डनिंग आणि त्यांचे शिष्य. बाबासाहेब शिकले तेच हे विद्यापीठ! पण तो खोटा इतिहास खोडून काढताना नंतरच्या अभ्यासकांच्या हाती हेच १३ खंड होते.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत संविधानबाह्य मार्गांना अराजकाचे व्याकरण म्हटले. त्याच बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देऊन अस्पृश्यांचे म्हणणे सरकारी दप्तरात नोंदवले होते. तेव्हा सत्ता आपली नव्हती, निकालही आपल्या हाती नव्हता. तरी त्यांनी साक्ष दिली.

म्हणून तरुण साथींना आमचे सांगणे आहे: वस्तीवर हल्ला झाला की निषेधाची पोस्ट टाकून थांबू नका. तारीख, वेळ, ठिकाण लिहा. एफआयआरची प्रत मागा, पंचनामा वाचा, साक्षीदारांचे जबाब त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवा. चौकशी आयोग नेमला गेला तर प्रतिज्ञापत्र द्या. आरोपी सुटेलही, सरकार बदलेलही. आपण लिहिलेच नाही, तर उद्याचा इतिहास हल्लेखोरच लिहितील.

जय भीम!