मार्च एंडचे आरोग्य कुणासाठी?

मार्च एंड जवळ आला की सरकारी कार्यालयांना सफाई कामगारांचे आरोग्य आठवते. ३१ मार्चनंतर अखर्चित निधी परत जाईल, म्हणून शिबिर उरकायचे, मापाचा विचार न करता गमबूट घ्यायचे, फोटो काढायचा, बिल लावायचे. पैसा संपतो, कामगाराचा खोकला तसाच राहतो.

करमाळ्यात कमलादेवीच्या यात्रेनंतर कचरा कोण उचलतो? हे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या जातींच्या माथी मारले गेले, हे आम्ही सांगायला नको. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी गणवेश, हातमोजे, रेनकोट, पादत्राणे आणि मास्क देणे बंधनकारक केले. हातमोजा जूनमध्ये फाटतो. तो मार्चपर्यंत थांबत नाही.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अडारकरांकडे सोपवले गेले. त्यातूनच १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. त्या कायद्याने विमाधारक कामगाराचा उपचार हा हक्क ठरवला. वर्षअखेरीस काय उरले यावर तो ठरत नाही.

आमच्या मागण्या साध्या आहेत. एप्रिलमध्येच कामगारांना विचारून खरेदी करा. तपासणीचा रिपोर्ट कामगाराच्या हातात द्या. कंत्राटी कामगारालाही विम्याचे कार्ड द्या. किती निधी आला, किती खर्च झाला, हे नोटीस बोर्डावर लावा. नाही लावले तर माहिती अधिकाराचा अर्ज आम्ही टाकूच.

निधी उरला म्हणजे बचत झाली, असे कुणी सांगू नये. कुणाचा तरी उपचार राहिला आहे.

जय भीम!