हौसेचे मोल कोणाच्या पदरी?

हौसेला मोल नसते, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती अक्षरशः खरी असती तर जगातील निम्म्या दुकानांना टाळे लागले असते. हौसेला मोल असते. फक्त ते मोजताना हौशी माणूस हिशेब करीत नाही, आणि तो करीत नाही हे ओळखून दुसराच कोणीतरी त्याचा हिशेब बारकाईने मांडीत असतो. अमेरिकेत आणि युरोपात रॉक संगीताच्या मोठ्या मैफलींबाहेर टी-शर्ट आणि पोस्टर यांसाठी लागणाऱ्या लांबच लांब रांगा पाहिल्या म्हणजे या म्हणीचा हा दुसरा अर्थ ध्यानी येतो.

सिएटल शहरात १९९० साली उदयास आलेल्या ‘पर्ल जॅम’ या बँडचेच उदाहरण घ्या. त्यांच्या मैफलीगणिक निराळे पोस्टर काढण्याचा प्रघात आहे. चित्रकार निराळा, चित्र निराळे, आणि त्यावर त्या गावाचे नाव व त्या रात्रीची तारीख. ही पोस्टरे मर्यादित संख्येत छापली जातात. मैफल रात्रीची; पण पोस्टरसाठीची रांग दिवसाउजेडीच लागलेली असते. ‘टेलर स्विफ्ट’ या गायिकेच्या २०२३ आणि २०२४ मधील दौऱ्यात याहून मोठा पसारा झाला. मैफलीच्या आदल्या दिवशीच स्टेडियमबाहेर मालाचे ट्रक उभे राहत आणि एका निळ्या स्वेटशर्टसाठी तरुण मुली पहाटेपासून, क्वचित रात्रभरही, तिष्ठत राहत. पासष्ट डॉलरचा तो स्वेटशर्ट लगोलग इंटरनेटच्या बाजारात कितीतरी चढ्या भावाने विकावयास निघे.

हे वाचून आमच्या वडीलधाऱ्या वाचकांच्या तोंडून ‘वेडेच आहेत!’ असा उद्गार निघणे स्वाभाविक आहे. आम्ही मात्र त्या हसण्यात सामील होऊ इच्छीत नाही. कारण हे वेड आपल्याला परके नाही. आपल्या देवळांतून उत्सवाच्या वेळी पावणी होते. देवापुढे ठेवलेला नारळ, केळ्यांचा घड किंवा एखादे फळ यावर बोली लागते. बाजारात त्या नारळाचे जे मोल असेल त्याच्या कितीतरी पट रक्कम आनंदाने मोजून एखादा भाविक तो मस्तकी लावतो आणि घरी नेतो. त्याला कोणी वेडा म्हणत नाही. नारळ तोच, खोबरे तेच. पण त्याला ज्याचा स्पर्श झाला त्याचे मोल भाविक देत असतो. गावाचे नाव आणि तारीख मिरविणाऱ्या त्या पोस्टरचेही असेच आहे. ‘मी त्या रात्री तिथे होतो’ एवढी एकच साक्ष तो कागद देतो, आणि ज्याला ती हवी असते त्याच्या दृष्टीने कागदाची किंमत गौण असते.

तेव्हा जास्त पैसे मोजणे हा दोष नव्हे. पावणी आणि काळाबाजार यांत फरक आहे तो पुढच्या हिशेबाचा. पावणीत बोली करणारा स्वतः भाविक असतो. त्याने मोजलेला अधिक पैसा ज्याच्या नावाने बोली झाली त्या देवस्थानाकडे जातो. आणि बोली जिंकून तोच नारळ देवळाच्या पायरीवर दुप्पट भावाने विकावयास कोणी बसत नाही. रॉक मैफलीच्या रांगेला हीच मोजपट्टी लावून पाहिली पाहिजे. तिथे प्रेमापोटी जो जास्तीचा पैसा खर्च होतो, तो जाऊन कोणाच्या पदरात पडतो?

या प्रश्नाचा इतिहास उद्‌बोधक आहे. सॅन फ्रान्सिस्कोत बिल ग्रॅहम या संयोजकाने १९६६ पासून ‘फिल्मोर’ सभागृहात मैफली सुरू केल्या, तेव्हा त्या त्या मैफलीचे रंगीबेरंगी पोस्टर घरी परतणाऱ्या श्रोत्यांच्या हाती पुष्कळदा फुकट दिले जाई. आज तीच पोस्टरे संग्राहक मोठ्या किमतीला घेतात. त्याच्याही आधी, १९६४ साली ‘बीटल्स’ प्रथम अमेरिकेला गेले, तेव्हा त्यांच्या नावाने विगांपासून बाहुल्यांपर्यंत असंख्य वस्तू विकल्या गेल्या. त्या व्यवहाराचे हक्क ज्या कंपनीला दिले होते तिचे नाव ‘सेल्टॅब’, म्हणजे बीटल्स हेच नाव उलट्या अक्षरांनी लिहिलेले. करारही तसाच उलटा होता! उत्पन्नाचे नव्वद टक्के कंपनीला आणि अवघे दहा टक्के बीटल्सना. पुढे वाटाघाटी होऊन तो वाटा वाढला, पण तोवर पुष्कळ पाणी वाहून गेले होते. ‘रोलिंग स्टोन्स’ या बँडचे जीभ बाहेर काढलेल्या लाल ओठांचे बोधचिन्ह आज जगातील कोणत्याही शहरात टी-शर्टवर दिसते. ते १९७० साली जॉन पाश या कलाशाळेतील विद्यार्थ्याने पन्नास पौंडांत काढून दिले. २००८ साली लंडनच्या ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट’ संग्रहालयाने त्याचे मूळ चित्र सुमारे ९२,५०० डॉलरना विकत घेतले. तात्पर्य, ज्याच्या गुणावर लोक लुब्ध होतात त्याच्या हाती सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी पैसा पडावा, ही या धंद्याची जुनीच रीत आहे.

आज तर या टी-शर्ट-पोस्टरच्या टेबलाला पूर्वी नव्हते इतके महत्त्व आले आहे. एके काळी बँड दौरा करी तो तबकडी खपावी म्हणून. आता तबकडीची जागा इंटरनेटवरून ऐकण्याने घेतली आहे; एक गाणे एकदा ऐकले म्हणजे कलावंताला मिळते ती सेंटाच्याही लहानशा अंशाइतकी रक्कम. त्यामुळे मधल्या आणि लहान बँडांचा दौऱ्याचा खर्च, म्हणजे मोटारीचे इंधन, मुक्काम आणि साथीदारांचे वेतन, पुष्कळदा सभागृहाच्या कोपऱ्यातील त्या टेबलावरच्या विक्रीतून निघतो. श्रोत्याच्या खिशातून कलावंताच्या हातात पैसा जाण्याची ही सर्वांत जवळची वाट आहे, किंबहुना असावयास हवी.

परंतु त्या वाटेवरही जकात नाका बसलेला आहे. अनेक सभागृहांचे मालक टेबलावरच्या विक्रीतून कमिशन घेतात, आणि ते कमिशन एकूण विक्रीच्या पाचव्या-चौथ्या हिश्शापर्यंत, क्वचित त्याहूनही वर, जाते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की हे कमिशन नफ्यावर नसून विक्रीवर असते. टी-शर्ट विणून, छापून आणि वाहून आणण्याचा खर्च बँडच्या माथी. सभागृहाचे योगदान एका टेबलापुरती जागा. ब्रिटनमधील कलावंतांच्या ‘फीचर्ड आर्टिस्ट्स कोअलिशन’ या संघटनेने २०२२ च्या जानेवारीत, असे कमिशन न घेणाऱ्या सभागृहांची यादीच प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. चोराला चोर म्हणण्यापेक्षा सज्जनाचे नाव जाहीर करणे अधिक परिणामकारक ठरते, हे त्या संघटनेने ओळखले. ‘लाइव्ह नेशन’ या बलाढ्य अमेरिकन कंपनीनेही २०२३ च्या सप्टेंबरात आपल्या लहान क्लबांतील ही वसुली बंद करीत असल्याचे जाहीर केले. मोठी सभागृहे आणि स्टेडियमे त्या घोषणेत नव्हती, हेही नमूद केले पाहिजे.

जकातीनंतर येतो तो दलाल. रांगेतील प्रत्येक जण चाहता असतोच असे नाही. ज्याला त्या बँडचे एक गाणेही ठाऊक नाही असा माणूस पहाटे येऊन पुढे उभा राहतो, मिळतील तितकी पोस्टरे घेतो, आणि रंगमंचावर पहिला सूर लागण्यापूर्वीच ती मोबाइलवरून लिलावाला मांडलेली असतात. मागे उभा असलेला खरा रसिक टेबलापाशी पोहोचतो तेव्हा ‘संपले’ अशी पाटी त्याच्या स्वागताला असते. घरी जाऊन तो तीच वस्तू तिप्पट-चौपट किमतीला घेतो. आणि वरचा एक छदामही ना गायकाला मिळतो, ना चित्रकाराला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. पावणीतील नारळ देवळाच्या पायरीवर विकला जात नाही असे आम्ही वर म्हटले. इथे पायरीवरच बाजार भरतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. बँडनेच मागणीइतका माल छापावा, म्हणजे काळाबाजार आपोआप संपेल! टी-शर्टच्या बाबतीत हे म्हणणे आम्हांला मान्य आहे. जो टी-शर्ट यंत्रावर हवा तितका निघू शकतो, तो मुद्दाम थोडा काढून रांग लांबवायची आणि त्या रांगेची छायाचित्रे जाहिरातीला वापरायची, हा व्यवहार रसिकतेचा खचित नव्हे. अशा वस्तूंची मागणी मैफलीनंतर ठरावीक मुदतीपर्यंत नोंदवून घ्यावी आणि नोंदीप्रमाणे माल पाठवावा, यात अवघड काहीच नाही. पोस्टरची गोष्ट मात्र वेगळी. स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगासाठी कागद पुन्हा एकदा जाळीखालून काढावा लागतो. चित्रकार त्यावर पेन्सिलीने क्रमांक घालतो, सही करतो. ती मर्यादा हस्तव्यवसायाची आहे, आणि तिचा मान राखला पाहिजे. मात्र मर्यादा आहे म्हणूनच वाटपाची शिस्त हवी. माणशी एक, आणि तोही तिकीट दाखवूनच, एवढा साधा नियम काटेकोरपणे पाळला तरी दलालाचे अर्धे बळ निघून जाईल.

कलावंताने स्वतः उभे राहावयाचे ठरविले तरी लढाई सोपी नसते, हे याच पर्ल जॅमने अनुभवले आहे. ‘टिकेटमास्टर’ ही कंपनी तिकिटावर जे सेवाशुल्क लावते ते चाहत्यांवर अन्याय करणारे आहे, असे सांगत या बँडचे दोन वादक ३० जून १९९४ रोजी अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे साक्षीला गेले. तिकीट वीस डॉलरच्या आत राहावे, एवढेच त्यांचे मागणे होते. सरकारने वर्षभरात ती चौकशी बंद केली. पुढे २०१० साली तीच कंपनी लाइव्ह नेशनमध्ये विलीन झाली, आणि त्या जोडकंपनीवर मक्तेदारीचा खटला भरण्यास अमेरिकन न्याय खात्याला २०२४ चा मे महिना उजाडावा लागला. दोन वादकांना जे १९९४ साली दिसत होते ते सरकारला दिसावयास तीस वर्षे लागली!

हे सर्व परदेशातील आहे, आपल्याला त्याचे काय, असे म्हणून चालणार नाही. ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश बँडचे जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत तीन आणि अहमदाबादेत दोन कार्यक्रम झाले. त्यांपैकी नवी मुंबईची तिकीटविक्री सप्टेंबर २०२४ मध्ये खुली होताच इंटरनेटवरील रांगेत एक कोटीहून अधिक लोक उभे राहिले, असे तिकीट विकणाऱ्या कंपनीनेच सांगितले. हजारांची तिकिटे लाखांना सांगितली जाऊ लागली आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. जिथे तिकिटाची ही गत, तिथे उद्या टी-शर्टची निराळी होणार नाही. आयर्लंडने २०२१ साली आणि जपानने त्याआधी २०१९ साली तिकिटांची चढ्या भावाने होणारी फेरविक्री कायद्याने रोखली. पण असे कायदे तिकिटापाशी थांबतात. पोस्टर आणि टी-शर्ट त्यांच्या कक्षेबाहेर राहतात.

गोव्याला तर याचा विचार अगत्याने करावयास हवा. पाश्चात्त्य संगीताचे संस्कार या भूमीत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले आहेत, आणि नाटक, भजन, तियात्र यांवर जीव टाकणारा प्रेक्षकही इथलाच. मोठ्या संगीत महोत्सवांचे अर्थकारण कांदोळीच्या किनाऱ्याने २००७ पासून पाहिले आहे. असे महोत्सव आले की चर्चा होते ती कर्कश आवाजाची, वाहतुकीच्या कोंडीची आणि सरकारी तिजोरीत किती पडले याची. त्या चर्चा आवश्यकच आहेत. पण कलावंताच्या पदरात काय पडले हे कोणी विचारीत नाही. आमची सूचना साधी आहे. सरकारी अनुदानावर किंवा सरकारी जागेवर चालणाऱ्या प्रत्येक सभागृहाने कलावंताच्या टेबलावरील विक्रीतून एक पैसाही घेऊ नये, आणि तसा ठराव करून तो दर्शनी भागात लावावा. मग त्या टेबलावर रॉक बँडचा टी-शर्ट असो, भजनी मंडळाची ध्वनिमुद्रिका असो वा नाटककाराचे पुस्तक असो. खाजगी संयोजकांना परवाना देताना मालाची किंमत, माणशी मर्यादा आणि सभागृहाचे कमिशन फलकावर जाहीर करण्याची अट घालावी. यास सरकारचा खर्च शून्य आहे.

आणि तरुण वाचकांना एकच सांगणे. आवडत्या गायकाचा टी-शर्ट अंगावर घालावासा वाटणे यात लाजण्यासारखे काही नाही. रांगेत उभे राहिलात तर पायांना विश्रांती द्या, एवढेच. पण वस्तू हातची गेली तर दलालाच्या दारी जाऊ नका. त्याच पैशांत एखाद्या नवख्या बँडच्या टेबलापाशी जा, जिथे रांग नसते आणि विकणारा पुष्कळदा स्वतः गाणाराच असतो. पावणीत नारळ दुसऱ्याला गेला म्हणून भाविक पायरीवर नारळ शोधत हिंडत नाही. तो देवाला हात जोडतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा बोलीला उभा राहतो.