भिंतीमागचे गाणे

मुलांनो, यंत्रयुगाने माणसाला पुष्कळ सुखसोयी दिल्या. परंतु त्यांच्याबरोबर एक विलक्षण कोंडमाराही दिला. ठरल्या वेळी उठावे, ठरल्या गाडीने जावे, ठरलेलेच बोलावे. या रहाटगाडग्यात आपले स्वतःचे असे काय उरले, असा प्रश्न कित्येकांना पडतो. पाश्चात्त्यांच्या रॉक गीतांत हा प्रश्न वारंवार ऐकू येतो. 'हा नुसता गोंगाट आहे', असे म्हणून अनेक वडीलधारी माणसे त्या गीतांकडे पाठ फिरवतात. मला ते न्याय्य वाटत नाही.

इंग्लंडमधील 'पिंक फ्लॉइड' या वाद्यवृंदाचा 'द वॉल', म्हणजे 'भिंत', हा गीतसंग्रह १९७९ साली निघाला. त्यातील बहुतेक गीते रॉजर वॉटर्स यांनी लिहिली. युद्धाने हिरावलेले पितृछत्र, शाळेत झालेला अपमान, कीर्तीने आलेला एकटेपणा, असे एकेक दुःख नायकाभोवती वीट होऊन बसते आणि त्यांची भिंत होते. हे दुःख उसने नव्हते. वॉटर्स यांचे वडील १९४४ साली इटलीतील रणभूमीवर कामी आले होते.

यातील एका गीतात लंडनच्या शाळकरी मुलांचे आवाज आहेत. वरवर पाहता ते विद्येचाच धिक्कार करते असे वाटेल. परंतु त्याचा खरा रोष आहे तो मुलांना एकाच साच्यात घालून त्यांची हेटाळणी करणाऱ्या शिक्षणावर. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी शिक्षणाविरुद्ध झगडणाऱ्या विद्यार्थ्यांनी ते आपलेसे केले, तेव्हा १९८० साली तेथील सरकारने त्यावर बंदी घातली. माझ्यासारख्या जुन्या शिक्षकाला हे गीत झोंबते. तरीही त्यातील वेदना खरी आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

तथापि या कथेचे खरे मोल तिच्या शेवटात आहे. नायक केवळ जगाला दोष देत बसत नाही. तो आपल्याच मनात न्यायालय भरवतो आणि तेथे भिंत पाडण्याची आज्ञा होते. १९८० व १९८१ मधील प्रयोगांत गायक आणि श्रोते यांच्यामध्ये पुठ्ठ्याच्या विटांची प्रचंड भिंत रचली जाई आणि अखेरीस ती सर्वांदेखत कोसळे.

मुलांनो, आपल्याभोवतीच्या काही विटा जग रचते, तर काही आपण स्वतःच रचतो. पहिल्या विटांविरुद्ध अवश्य बोलावे. दुसऱ्या मात्र आपल्याच हातांनी काढाव्या लागतात. मन कोंडले, तर आपल्या माणसाजवळ खरे ते बोला. पहिली वीट तेथेच हलते.