विशेष विषयाची निवड

बी. ए. होऊन तत्त्वज्ञानाकडे वळलेल्या तरुणास हल्ली घरोघर एकच उपदेश मिळतो: ज्या विषयाची टिपणे तयार मिळतात व ज्यात गुण सढळ हाताने पडतात, तोच एम. ए. ला विशेष विषय म्हणून घ्यावा. ह्यास व्यवहारचातुर्य म्हणण्याचा प्रघात आहे. आमच्या मते हा निव्वळ अविचार आहे.

दुसरा पक्ष अभिमान्यांचा. बीड जिल्ह्यातील मुलाने पाश्चात्त्यांच्या नादी का लागावे? अंबाजोगाईस मुकुंदराजांची समाधी आहे. शके १११० चा मानला जाणारा त्यांचा ‘विवेकसिंधु’ आहे. तेव्हा त्याने वेदान्तच घ्यावा, असे हे लोक म्हणतात. हा पक्ष ऐकावयास गोड, परंतु तितकाच पोकळ आहे. जन्मगावावरून सिद्धान्ताची सत्यता ठरत नसते.

त्याच अंबाजोगाईस दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी आहे. सुमारे ४० फूट लांबीच्या ह्या वस्त्रावर त्यांनी पंचीकरण लिहिले. प्रत्येक स्थूल भूतात अर्धा भाग स्वतःचा आणि इतर चार भूतांचा प्रत्येकी एक अष्टमांश, असा हा सिद्धान्त. छांदोग्य उपनिषदात तर तीनच भूतांचे त्रिवृत्करण आहे. मग तिहींची पाच कशी झाली? आणि हे प्रमाण प्रत्यक्षाने कळले, अनुमानाने, की केवळ श्रुतीच्या आधाराने? पहिल्या प्रश्नास वेदान्ताचे व संस्कृताचे अध्ययन हवे. दुसऱ्यास ज्ञानमीमांसा हवी, आणि तेथे न्यायदर्शनाइतकाच कांटही उपयोगी पडेल. ह्यांपैकी जो प्रश्न विद्यार्थ्यास स्वस्थ बसू देत नाही, तिकडेच त्याचा विशेष विषय आहे.

‘पण पोटाचे काय?’ असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांच्या जागा थोड्या. परंतु सोपा विषय घेतल्याने त्या वाढत नाहीत. टिपणांवर उत्तीर्ण झालेला मनुष्य पुष्कळदा नोकरीसही मुकतो आणि विचारासही. ज्याने दोन वर्षे मूळ ग्रंथ वाचून एक प्रश्न नेटाने धरला, तो पुढे वकील होवो वा शिक्षक, कोणाचेही म्हणणे तपासून घेण्याची सवय त्याच्यापाशी राहते.

म्हणून पालकांस आमचे सांगणे इतकेच: मुलास ‘काय सोपे जाईल?’ असे विचारू नका. ‘वाचलेल्यापैकी तुला काय पटले नाही?’ असे विचारा. ह्याचे उत्तर त्याच्यापाशी नसेल, तर त्याला तत्त्वज्ञानाच्या वर्गात न पाठविणेच बरे.