जुनी जीप घेताना : आधी कागद, मग ब्रेक, रंग शेवटी



दहिवडीच्या एका भगिनीचं पत्र गेल्या आठवड्यात आलं. त्या लिहितात, "आमचं शेत गावापासून पाच किलोमीटरवर. शेवटचे दोन किलोमीटर मुरमाचा रस्ता आणि मध्ये ओढा. सासूबाईंचे गुडघे दुखतात, मोटारसायकलवर बसवत नाही. नवी गाडी परवडत नाही. हे म्हणतात, जुनी महिंद्रा जीप घेऊ, नीट करून घेऊ आणि रोज वापरू. पैसे मात्र माझ्या भिशीचे आणि पाटल्या मोडून यायचे आहेत. मी हो म्हणू की नको?"

ताई, जीपला हो म्हणा, पाटल्यांना तूर्त नको म्हणा. का, ते सांगते. हे पान वाचून झालं की घरातल्या मंडळींनाही वाचायला द्या. आम्ही या वाटेनं गेलो आहोत, आणि उलट्या टोकानं गेलो आहोत.

जीप आपल्या माणदेशाला काही नवी नाही. महिंद्रांनी १९४० च्या दशकात मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली. पुढं कितीतरी वर्षं खेड्यात जीप आली की साहेब आले असंच समजायचं. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायकांनी जीप पाहिली ती साहेबांचीच. मग वडाप आलं आणि जीप आपल्या सगळ्यांची झाली. ही गाडी खेड्यात टिकली याची कारणं साधी आहेत. खाली लोखंडी चेसिस, स्प्रिंगचे जाड पाटे, जमिनीपासून उंची, आणि गावातल्या मिस्त्रीला उघडता-जोडता येईल असं इंजिन. म्हणून वीस-तीस वर्षांची जीपही पुन्हा उभी करता येते.

आता आमची चूक ऐका. आम्ही एक जुनी डिझेल जीप घेतली, २ लाख १० हजारांना. घरात आनंदीआनंद! पहिल्याच महिन्यात ४५ हजार घालून हिरवा रंग मारला, नवं हूड शिवलं, गाद्या केल्या. शेजारीपाजारी म्हणाले, नवीच दिसते. त्याच आनंदात शिखर शिंगणापूरला महादेवाच्या दर्शनाला गेलो. दर्शन झालं आणि घाट उतरताना ब्रेकचा पाय थेट खाली गेला. ह्यांनी खालचा गिअर टाकला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या मातीत घातली, म्हणून वाचलो. मागच्या आडव्या बाकावर बसलेल्या धाकटीच्या कपाळाला खोक पडली, तिला चार टाके पडले. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं चाक खोललं. आतली रबरं कधीचीच कुजली होती. तो एवढंच म्हणाला, "वहिनी, रंगावर गाडी थांबत नाही." त्यानं पुढं चेसिसही दाखवली. मागच्या पाट्याच्या जोडाजवळ गंज. वेल्डिंग करताना नवा रंग जळाला आणि रंगाचे पैसे दुसऱ्यांदा भरले.

म्हणून क्रम लक्षात ठेवा.

पहिलं, कागद. आपल्याकडे खरसुंडीच्या जत्रेत बैल घेताना आधी दात बघतात, शिंगांचा रंग कोणी बघत नाही. जीपचे दात म्हणजे तिचं आरसी बुक. खाजगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी आरटीओपुढं उभी करून पासिंग करून घ्यावं लागतं. २० वर्षांवरच्या हलक्या मोटारीला २०२५ पासून नुसती नूतनीकरणाची फी १०,००० रुपये झाली आहे. पर्यावरण कर आणि थकलेला दंड वेगळा. पासिंग संपलेली गाडी स्वस्त मिळते, पण हा खर्च किमतीत धरल्याशिवाय बोली करू नका.

गाडीचा नंबर घालून सरकारच्या 'वाहन' संकेतस्थळावर बघा. मुदत, विमा आणि बँकेचा बोजा तिथं कळतो. बोजा असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हवा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर तिथला ना-हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८. विकणारा "नंतर सही करतो" म्हणाला तर पैसेही नंतरच द्या. एम-एच सुरू होण्याआधीचा जुना नंबर असेल तर त्याची नोंद संगणकावर चढली आहे का, हे सौद्याआधी विचारा. वडापला चाललेली, पिवळ्या पाटीची गाडी सहसा टाळा. ती खाजगीत बदलून घेण्याचा व्याप असतो आणि ती किती लाख किलोमीटर पळली याचा पत्ता नसतो.

चेसिसवर कोरलेला नंबर स्वतः बघा. पोरं नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात ना, तसा त्याचा छाप घ्या आणि आरसीशी एकेक अक्षर जुळवा. दुसरं इंजिन बसवलेलं असेल तर त्याचाही नंबर आरसीवर चढलेला हवा. कंपनीनं केलेल्या मूळ रचनेत मनासारखे बदल करता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल आहे. तेव्हा छप्पर कापलेली किंवा भलतीच मोठी चाकं लावलेली जीप कितीही रुबाबदार दिसली तरी पासिंगला अडकते.

दुसरं, गाडी बघणं. यात आपण बायका पुरुषांपेक्षा कमी नाही. फ्रिजवरचं लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून न्या आणि पत्र्यावर फिरवा. जिथं ते धरत नाही तिथं पत्रा खाऊन आत पुट्टी भरलेली आहे. पत्रा बदलता येतो, चेसिस कुजली असेल तर मात्र सौदा सोडा. खाली वाकून मागच्या पाट्यांच्या जोडाजवळ लहान हातोडीनं ठोका. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द वाजतं. बाजारात मडकं वाजवून घेणाऱ्या बाईला हे शिकवायला नको.

पोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर गाडी आधीच चालू करून ठेवली होती. थंड होऊ द्या आणि मग सुरू करायला सांगा. सुरुवातीला थोडा धूर ठीक आहे. निळा धूर येतच राहिला तर इंजिन ऑइल जळतंय, काळा येत राहिला तर डिझेल नीट जळत नाही. ऑइल बघायची पट्टी काढा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, तो मोठा खर्च. स्टिअरिंग डावी-उजवीकडं हलवा. ते फिरतंय आणि चाक जागचं हलत नाही, असं फार वेळ होऊ नये. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं.

चारही चाकांना जोर देणारी जीप हवी का, हा प्रश्न घरोघरी निघतो. सगळ्या जिपांना ती सोय नसते. असेल तर मऊ मातीत चालवून बघा, कोरड्या डांबरी रस्त्यावर तो दांडा टाकू नका, गिअरांवर ताण येतो. आपल्याकडे पाऊस बेताचा. ओढ्यात पाणी आणि चिखल वर्षातले थोडेच दिवस. मागच्या चाकांवर चालणारी धडधाकट जीप ही चारही चाकांच्या खिळखिळ्या जिपेपेक्षा रोजच्याला बरी.

तिसरं, दुरुस्तीचा क्रम. आधी ब्रेक : मास्टर सिलिंडर, चारही चाकांतली रबरं, लायनर, नळ्या, नवं ब्रेक ऑइल. मग स्टिअरिंग आणि टायर. मग वायरिंग. जुन्या गाडीत प्रत्येकानं एकेक वायर जोडलेली असते, ती जळाली तर गाडीच पेटते. सगळी नवी टाका आणि फ्यूज बसवून घ्या. मग रेडिएटर, क्लच, इंजिन. मग चेसिसचं वेल्डिंग आणि पत्रा. रंग आणि हूड अगदी शेवटी.

चौथं, वही. आमचा दुरुस्तीचा खर्च शेवटी १ लाख ३० हजारांवर गेला, रंगाचे ते ४५ हजार वेगळे. त्यातले निम्मे आम्ही घाईनं घालवले. तुम्ही असं करा. हातात असलेल्या पैशाचे दोन भाग करा आणि गाडीची किंमत एकाच भागात बसवा. दुसरा भाग दुरुस्तीचा, त्याला हात लावायचा नाही. मिस्त्रीला एकदम उचल देऊ नका. काम ठरवा, ते झाल्यावर पैसे द्या आणि काढलेले जुने भाग परत मागून घ्या. भाग खरंच बदलला की नाही हे त्यावरून कळतं.

ताई, तुमच्या पाटल्यांचं उत्तर यातच आहे. भिशीच्या पैशात गाडी आणि ब्रेक-टायरचा पहिला टप्पा बसत असेल तर घ्या. बसत नसेल तर पुढच्या भिशीपर्यंत थांबा. जुनी जीप आज नाही तर चार महिन्यांनी मिळेल, मोडलेली पाटली परत घडवणं अवघड.

रोजच्या वापरात दोन गोष्टी पाळा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, शिटी न पडलेला कुकर आपण उघडतो का? आणि मागच्या आडव्या बाकावर मुलांना बसवून घाट चढायचा-उतरायचा नाही. मुलं तोंड पुढं करून, पट्टा लावून बसतील अशी सीट आधी करून घ्या, तीही आरटीओला चालेल अशी. सासूबाईंसाठी एक पायरी आणि धरायला कडी बसवा. वेग बेताचा ठेवा, उंच गाडी वळणावर लवकर कलंडते.

ज्यांना फक्त डांबरी रस्त्यानं साताऱ्याला जायचं-यायचं आहे, त्यांनी मात्र जीपच्या नादी लागू नये. ती आवाज करते, धूळ आत घेते, उन्हाळ्यात तापते. त्यांना जुनी पण चांगली मोटारच बरी.

शेवटी एक मनातलं. म्हसवडच्या बायकांनी बँक काढायचं ठरवलं तेव्हा बऱ्याच जणींना लिहितावाचता येत नाही म्हणून पहिला अर्ज परत आला. त्या लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. त्या अक्षर शिकल्या, आपण तर शिकलेल्या आहोत. मग आरसी बुक वाचायचं काम दुसऱ्यावर का सोडायचं? आणि पैसे तुमचे असतील तर गाडी तुमच्या नावावर घ्या. यात ह्यांचा अपमान नाही. आरसीवर वारसाचं नाव लावायची सोयही २०२१ पासून झाली आहे, ती जरूर वापरा.

आणि हो, चालवायलाही शिका. सासूबाईंचे गुडघे मंगळवारी दुखले आणि हे बाजारला गेलेले असले, तर जीप दारात नुसती उभी राहून काय उपयोग? मी शिकले. धाकटी आता माझ्या शेजारी पट्टा लावून बसते आणि घाट आला की विचारते, "आई, ब्रेक बघितलास ना?" बघितलेला असतो.