दोष पडद्याचा नव्हे

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. ज्या लॅपटॉपवर विंडोज ११ बसत नाही, त्यांच्यासाठी लिनक्स हा बिनखर्चाचा मार्ग आहे. पेढीवरचा जुना लॅपटॉप त्यामुळे पुन्हा कामाला लागतो; परंतु कधी कधी पहिल्याच दिवशी अक्षरे फुगलेली व अंधुक दिसतात, बिलाचा उजवा रकाना पडद्याबाहेर जातो आणि चौकटीच्या तळाशी असलेले ‘सेव्ह’चे बटण सापडत नाही. ‘स्क्रीन गेली’ असे म्हणून नव्या लॅपटॉपची चौकशी सुरू होते.

हा निष्कर्ष बहुधा घाईचा असतो. लॅपटॉपच्या पडद्यावरील प्रकाशबिंदूंची संख्या कारखान्यातच ठरलेली असते. अनेक जुन्या लॅपटॉपमध्ये ती आडवी १३६६ व उभी ७६८, तर नंतरच्या अनेकांत १९२० व १०८० असते. पडदा ही माहिती ‘ईडीआयडी’ नावाच्या नोंदीत स्वतःजवळ बाळगतो. मूळ नोंद अवघी १२८ बाइटची. ग्राफिक्स ड्रायव्हर ती वाचून चित्राचे माप ठरवतो. ड्रायव्हर नसला किंवा नोंद वाचता आली नाही, तर लिनक्स १०२४ बाय ७६८ किंवा त्याहून लहान असे सर्वत्र चालणारे माप निवडते. माल उत्तम असतो. त्यावरची चिठ्ठी मात्र वाचली गेलेली नसते.

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी हिशेबाच्या फायली पेनड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात. मग सेटिंग्जमधील ‘डिस्प्ले’ उघडून मापांची यादी पाहावी. योग्य माप यादीत असेल तर ते निवडताच काम होते. चौकटीचे बटण पडद्याखाली गेले असल्यास लिनक्स मिंटमध्ये ‘ऑल्ट’ कळ दाबून माउसने चौकट वर ओढता येते.

यादीत एकच माप दिसले, तर शंका ड्रायव्हरची घ्यावी. इंटेल व एएमडीचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच असतात. म्हणून इंटरनेट जोडून सर्व अपडेट घ्यावेत. एनव्हिडियाचे कार्ड असल्यास मिंट किंवा उबुंटूमधील ड्रायव्हर व्यवस्थापकातून सुचवलेला ड्रायव्हर बसवावा. आणखी एक कारण सहज नजरेतून सुटते. स्थापनेच्या वेळी ‘सुरक्षित ग्राफिक्स’चा पर्याय घेतला असेल, तर ‘नोमोडसेट’ ही सूचना ‘ग्रब’च्या फायलीत मागे राहू शकते. ती असेपर्यंत खरा ड्रायव्हर कामाला लागत नाही. जाणकाराकडून तो शब्द काढून ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा चालवून घ्यावी आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करावा.

अडचण केवळ बाहेरून जोडलेल्या मॉनिटरवर असेल, तर आधी केबल बदलून पाहावी. जुन्या व्हीजीए जोडणीत किंवा स्वस्त अडॅप्टरमध्ये ती नोंद वाटेतच अडकते. तरीही उपयोग न झाल्यास ‘सीव्हीटी’ आज्ञेने मापाची ओळ तयार करून ‘एक्सरँडआर’ने ती यादीत घालता येते. सीव्हीटीने १३६६ ऐवजी १३६८ दाखवले, तर गोंधळून जाऊ नये. ती रुंदी आठच्या पटीत घेते. ही युक्ती एक्सऑर्गवर चालते, वेलँडवर नाही. लॅपटॉप पुन्हा सुरू करताच हा बदल पुसला जातो, त्यामुळे चूक झाली तरी नुकसान होत नाही. माप योग्य ठरल्यावर ती आज्ञा प्रारंभीच्या यादीत कायम करावी.

मग पडदा खरोखर बिघडला हे कसे ओळखावे? लॅपटॉप सुरू होताच कंपनीचे बोधचिन्ह उमटते, तेव्हा लिनक्सचा अंमल सुरूही झालेला नसतो. त्या क्षणी किंवा बायोसच्या पानावर रेघा आणि काळे डाग दिसले, तर दुरुस्ती यंत्राची आहे. तेथे चित्र स्वच्छ असेल, तर नव्या लॅपटॉपचे पैसे गल्ल्यातच राहू द्यावेत.