शंका-समाधान : तुकी, साळुंकी आणि पेटी



आलेल्या पत्रांतून या खेपेस आम्ही तीन प्रश्न निवडले आहेत : एक भाषेचा, एक निसर्गाचा व एक संगीताचा.

पोपटाला इब्रीत 'तुकी' का म्हणतात? (एक बंधू, लोद)

तनाखात, मेलाखीमच्या पहिल्या पुस्तकात (१०:२२), शलमोन राजाची गलबते तीन वर्षांतून एकदा सोने, रुपे, हस्तिदंत, वानरे आणि 'तुकीयीम' घेऊन येत, असे सांगितले आहे. परंपरेने याचा अर्थ मोर असा करतात. अनेक भाषापंडित हा शब्द मोराच्या पिसाऱ्याला असलेल्या तामीळ 'तोगै' या नावाशी जोडतात. त्याच वचनातील 'कोफ', म्हणजे वानर, हा संस्कृत 'कपि'शी. आधुनिक इब्रीत मोराला 'तवास' हे नाव मिळाले व 'तुकी' पोपटाकडे गेला. म्हणजे आपल्या कितीतरी आधी हिंदी भूमीचे शब्द येथे अलिया करून आले असावेत!

खिडकीत येणारी साळुंकी कोकणातलीच ना? तिला दाणे घालावेत काय? (एक भगिनी, अशदोद)

होय, तीच. पिवळी चोच, डोळ्याभोवती पिवळी कड व उडताना दिसणारे पंखांवरचे पांढरे पट्टे ही तिची खूण. १९९०च्या दशकाच्या अखेरीस तेल अवीवच्या यार्कोन उद्यानातून काही साळुंक्या सुटल्या व पुढे देशभर पसरल्या. इब्रीतही तिला 'मायना' म्हणतात; तो आपल्याकडचाच 'मैना' शब्द. तिला पाहून माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटते, हे आम्ही जाणतो. परंतु ती झाडांच्या ढोलीतून येथील पक्ष्यांना हुसकावून स्वतः घरटे करते. २००८ साली राष्ट्रीय पक्षी म्हणून निवडलेल्या दुखिफतलाही, म्हणजे आपल्या हुदहुदाला, अशीच पोकळ जागा लागते. म्हणून प्रेमाने पाहावे, दाणे मात्र घालू नयेत.

नातू म्हणतो, पेटी भारतीय नव्हेच. मग वडिलांची पेटी व कीर्तनाची वही कोणासाठी जपावी? (एक भगिनी, दिमोना)

नातवाचे म्हणणे अर्धे खरे आहे. हार्मोनियम १८४०च्या दशकात फ्रान्समध्ये पुढे आले; त्याचा भाता पायांनी चालवीत. बैठक मारून एका हाताने भाता व दुसऱ्याने पट्ट्या चालवण्याची पेटी १८७५च्या सुमारास कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी घडविली. ठराविक सुरांच्या पेटीतून मींड निघत नाही, म्हणून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिच्यावर बंदी घातली. ती १९७१ मध्ये सैल झाली. तोवर पेटी घराघरांतली झाली होती. आपल्या वडीलधाऱ्यांनी तिच्याच साथीने योसेफ व मोशे यांची आख्याने मराठीत गाइली. परक्या ठिकाणाहून आलेली वस्तू वापराने आपली होते, हे नातवाला सांगावे. त्याच्या आजी-आजोबांच्या बाबतीतही ते खरेच आहे.

आता वहीविषयी. वहीत शब्द असतात, चाल नसते. चाल केवळ गाणाऱ्याच्या कंठात असते व त्याच्याबरोबर जाते. म्हणून, भगिनी, वही कपाटात जपून भागणार नाही. ज्या चाली आपणांस येतात त्या याच आठवड्यात नातवाच्या फोनवर गाऊन ठेवा, आणि शब्दांखाली त्याच्याकडून इब्री अक्षरांत उच्चार लिहवून घ्या. आवाज थकला असला तरी संकोच नको.

पुढील अंकासाठी प्रश्न अवश्य पाठवावेत.